देवीपुढची अर्धी गोळी

पाचवी. सुपारीच्या पलीकडे, विड्याच्या पानाच्या देठाशी, पांढरी, एका बाजूने गोल आणि दुसऱ्या बाजूने सरळ कापलेली... कापलेल्या कडेचा चुरा पानावर सांडलेला, आणि त्या चुऱ्यावर कुणाच्या तरी बोटाची हळद. उषाबाईने समईत तेल घालता घालता पुन्हा मोजलं. घटावर पाच माळा, पानावर पाच अर्ध्या गोळ्या. तेल समईच्या काठावरून ओघळून पाटावर आलं तेव्हा कुठे तिने बुधली मागे घेतली.

आज मंगळवार, सहावी माळ. आणि अर्धी गोळी फक्त सोमवारी आणि गुरुवारी द्यायची होती. हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, डॉक्टरच्या केबिनच्या दाराशी उभं राहून – आत दोनच खुर्च्या, एका खुर्चीवर तिचा नवरा भाईदास, दुसरीवर त्याची थोरली बहीण, मंगलाबाई, घरातली सगळ्यांची आक्का. आणि बायको दाराशी, चपला राखायला बसवल्यासारखी. "सोमवारे ने गुरुवारे अडधी, बाकीना दिवस आखी," डॉक्टर गुजरातीत म्हणाला, आणि आक्काने खुशीत मान डोलावली. "म्हनजे मना उपासना दिन! मंग काय, ध्यानमाच ऱ्हाई." तीस वर्षं झाली, आक्का सोमवार-गुरुवार धरते. तिला अक्षर वाचता येत नाही, पण उपास कधी चुकायचा नाही. उपासाला अर्धी, जेवणाच्या दिवशी अख्खी. किती सोपं! डॉक्टरसुद्धा हसला होता.

मग घट बसले. आणि नवरात्राचे नऊच्या नऊ दिवस आक्काला उपास. भावाचं दुखणं जावं म्हणून यंदा तर नुसत्या पाण्यावर आणि राजगिऱ्याच्या एका लाडवावर. म्हणजे नऊच्या नऊ दिवस अर्धी. एरवी सोमवारची उरलेली अर्धी ती कागदात बांधून गुरुवारी द्यायची. पण आता उरलेली अर्धी रोज देवीपुढे. अर्धी भावाला, अर्धी आईला. गल्लीतल्या बाया येऊन बघून जात होत्या, पदर डोळ्यांना लावत होत्या. काय बहीण आहे हो! असली बहीण नशिबाला लागते!

गुरुवारची बरोबर. कालची, सोमवारची, बरोबर. शुक्रवार, शनिवार, रविवार – तीन चुकल्या. आज चौथी चुकेल.

चुकू दे.

हा शब्द आपल्या मनात इतक्या सहज कसा आला, याचं उषाबाईला नवल वाटलं, आणि भीतीही वाटली. म्हणून ती घाईने उठली आणि साडीचा तागा ओढून भिंतीशी बसली. लिंबायतच्या या गल्लीत दर दुसऱ्या घरात बाया हेच करतात – मार्केटमधून साड्या येतात, पदरावर काठावर टिकल्या चिकटवायच्या, गोंदाचा एक थेंब, वर टिकली, वर बोटाचा दाब. उषाबाईचा हात असा की छापलेल्या नक्षीवरून केसभर बाहेर जायचा नाही. कडोद्याच्या मार्केटचा दलाल म्हणायचा, बेनचं काम तपासावं लागत नाही. आणि ह्याच हाताला घरात काय नाव पडलं? की उषाच्या हातून चुका होतात. उषाकडे काही देऊ नका.

झालं ते श्रावणात. त्याच्या दोन महिने आधी भाईदासच्या छातीत कळ आली होती, सचिनच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात; तो तिथला जॉबर, मागांची दुरुस्ती बघणारा, पन्नास माग त्याच्या कानावर चालायचे – लांबून नुसता आवाज ऐकून सांगायचा, त्या कोपऱ्यातल्या मागाचा ताल बिघडलाय, जा बघ. तर त्याला अहमदाबादला नेलं, हृदयाच्या बंद झालेल्या नळीत स्प्रिंग बसवली. आणि मग कळलं की त्याच्या स्वतःच्याच ठोक्याचा ताल बिघडलेला आहे. चार ठोके घाईत, एक गाळून, मग पुन्हा दोन. डॉक्टरने समजावलं: असं हृदय रक्त नीट ढकलत नाही, रक्त आत साचतं, साचलं की गुठळी होते, गुठळी डोक्यात गेली की लकवा, आणि स्प्रिंगमध्ये अडकली तर... पुढचं त्याने हातानेच दाखवलं. म्हणून रक्त पातळ ठेवायचं. फार पातळ नाही, फार घट्ट नाही. दर काही दिवसांनी रक्त तपासायचं, आकडा दोन आणि तीनच्या मध्ये राहिला पाहिजे. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्त थांबायचं नाही.

तेव्हा डबी उषाबाईकडे होती. आणि घरात कानबाई देवी बसली – खानदेशातून पाहुणे, घरात पाय ठेवायला जागा नाही, नैवेद्याच्या रोटाचं पीठ, दळण, मागून सारखं कुणीतरी उषा उषा करतंय – आणि दुकानदाराने त्या खेपेला दुसऱ्याच कंपनीची पट्टी दिलेली. सकाळची पांढरी, संध्याकाळची पांढरी. चार दिवस तिने पातळ करायची गोळी दोन्ही वेळा दिली. पाचव्या दिवशी भाईदासने दात घासले आणि थुंकी लाल आली. मांडीवर, कुठे काही लागलेलं नसताना, तळहाताएवढा निळा डाग. दवाखान्यात डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडला, "बेन, मारी नाखवो छे के शुं?" मारून टाकायचंय की काय, असं, सगळ्यांसमोर. कंपाउंडर होता, पाहुण्यांतले दोघे होते, आक्का होती. आणि भाईदास – त्याने फक्त डबी उचलली आणि आक्काच्या हातात दिली.

आक्का कानबाईला म्हणून पारोळ्याहून आली होती, चार दिवसांसाठी. आज आश्विन उजाडला.

टिकली, थेंब, दाब. आतून आक्काचा आवाज आला. ती भाईदासच्या छातीवर हात ठेवून बसली असणार. रोज सकाळी बसते. तळवा पसरून, डोळे मिटून. "आज बरं चाली ऱ्हायनं, भाऊ." आणि तो, पन्नाशी ओलांडलेला माणूस, लहान पोरासारखा पडून राहतो. आई लवकर गेली म्हणून आक्काने वाढवलं त्याला. हे उषाबाईने लग्नाच्या पहिल्या रात्रीपासून ऐकलेलं आहे. आक्काने चांदकी भाकर भाजून दिली, आक्काने पाठीवर घेऊन नदी ओलांडली, आक्का नसती तर मी नसतो. ठीक आहे, नसता! पण सव्वीस वर्षं मी केलं ते काय कुणा दुसऱ्याचं घर होतं? रात्रपाळीचा डबा, त्याच्या बनियनमधला तेलाचा वास, पोरांची दुखणी, गावाकडची माणसं... आणि आता त्याच्या छातीवर हात ठेवायचा तर मला आधी आक्काची पाळी संपायची वाट बघावी लागते. तो ठोका हाताला कसा लागतो हेही मला माहीत नाही. घाईत चार, एक गाळून – हे मी डॉक्टरच्या तोंडून ऐकलं. माझ्या हाताला कुणी कळू दिलं?

आक्का उठली तशी तिच्या कमरेचा बटवा खुळखुळला. त्यात अडकित्ता, सुपारी, आणि ती डबी. झोपतानाही तो बटवा सुटत नाही. जळते मी. हो, जळते! स्वतःच्या नणंदेवर, विधवा बाईवर, भावासाठी उपाशी राहणाऱ्या बाईवर. लाज वाटायला हवी. वाटते. पण जळायचं काही थांबत नाही.

आणि असंही नाही की तिने सांगायचा प्रयत्न केला नाही. शुक्रवारी, दुसऱ्या माळेला, आक्काने अडकित्त्यात गोळी धरली तेव्हा ती म्हणाली होती, "आक्का, आज ते शुक्रवार शे ना?" आक्काने वर न बघताच सांगितलं, "शुक्रवार ऱ्हावो नही ते शनवार. उपास शे ना माले." उषाबाई आणखी बोलणार, तोच पलंगावरून भाईदास म्हणाला, "उषा, तू गोयीसमा नको पडू." रागाने नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मोडक्या मागावर नव्या पोराला हात लावू देत नाहीत, त्या आवाजात म्हणाला. आणि अडकित्ता टक् वाजला.

बरं. नाही पडत.

तेव्हापासून ती पडलेली नाही. रोज संध्याकाळी सहा वाजता ती टक् ऐकते आणि मनात म्हणते, सोमवारी. दसरा शनिवारी, रविवारी दवाखाना बंद, सोमवारी रक्त तपासायचं. सोमवारी कागदावर आकडा येईल, दोनच्या खाली, दीड, नाहीतर त्याहूनही खाली. डॉक्टर चष्मा काढेल आणि सगळ्यांसमोर विचारील, गोळी कोण देतं? आणि मी दाराशी उभी असेन. मी काही बोलणार नाही. फक्त उभी असेन, आणि भाईदास वळून माझ्याकडे बघेल... हे चित्र तिने इतक्यांदा बघितलं होतं की डॉक्टरच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेटसुद्धा तिला दिसायचा. फक्त एक गोष्ट त्या चित्रात नीट बसत नव्हती. सोमवारपर्यंत भाईदास त्या खुर्चीत बसायला असायला हवा होता.

दुपारी आक्का शेजारी पार्वतीकडे देवीची गाणी म्हणायला गेली आणि घर शांत झालं, म्हणजे पलीकडच्या गाळ्यातले माग तेवढे खडखडत राहिले. उषाबाईने तागा बाजूला सारला. भाईदास झोपला होता. तोंड थोडं उघडं, आणि डावा हात पलंगाखाली लोंबकळत – नुसता, बोटं सैल, कुणाचा तरी टाकून दिलेला हात असावा तसा. ओठाचा एक कोपरा खाली ओढलेला. की तो आधीपासूनच तसा होता? सव्वीस वर्षं बघितलेला चेहरा, आणि ऐन वेळेला आठवेना. लकवा. डोक्यात गेली की लकवा. शुक्रवार, शनिवार, रविवार... व माय, मी काय करून बसले! ती वाकली. तिने त्याच्या लोंबत्या हाताला हात लावला.

हात उबदार होता. बोटं हलली. भाईदासने डोळे न उघडताच म्हटलं, "आक्का... पानी दे."

उषाबाई सरळ उभी राहिली. माठातून तांब्या भरला, त्याच्या हातात दिला. त्याने डाव्या हाताने घेतला, गटागटा प्याला, कूस वळवली आणि पुन्हा झोपला. पाणी कुणी दिलं हे त्याने बघितलंच नाही. नसांतली भीती उतरली तसं तिच्या जागी जुनं तेच चढत गेलं. मर मग आक्काच्या हातून – असं ती मनात म्हणाली. म्हणाली, हे खरं आहे. त्यावर तिने लगेच जीभ चावली, देवीच्या घटाकडे बघून कानाला हात लावला, पण म्हणाली.

सहाला आक्का आली. हातपाय धुऊन पाटावर बसली, बटव्यातून डबी काढली, अडकित्ता काढला. आज उपासाने तिचा चेहरा उतरलेला होता. सहा दिवसांत गालाची हाडं वर आली होती. गोळी अडकित्त्यात धरून ती एकाएकी थांबली.

"उषा," ती म्हणाली, "अर्धीच ना व? माले आज भोवय ई ऱ्हायनी, काही सुधरत नही."

टिकली बोटावर तशीच राहिली. हे तिने कधी धरलेलंच नव्हतं, की आक्का विचारील. तिला! एक शब्द. अख्खी. नाहीतर, आक्का, अर्धी फक्त सोमवारी आणि गुरुवारी. झालं असतं. डबी आजच्या आज परत आली असती कदाचित, आक्का काही वाईट बाई नाही, तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतलं असतं आणि सगळ्या गल्लीला सांगितलं असतं, मी चुकनू व माय, उषाने वाचाडं...

"तिले काय इचारस, आक्का?" पलंगावरून भाईदास. "तुले ठाऊक शे ना."

उषाबाईने टिकली गोंदावर ठेवली. दाब दिला.

"आक्कालेच ठाऊक," ती म्हणाली.

टक्. अर्धी भावाच्या जिभेवर, अर्धी विड्याच्या पानावर. सहावी. आक्काने घटाला सहावी माळ घातली, हात जोडले, आणि काठी टेकत गल्लीच्या तोंडाशी मांडवात आरतीला गेली. भाईदास खिडकीशी खुर्ची ओढून बाहेर बघत बसला. लाउडस्पीकर सुरू झाला होता, गरब्याच्या पोरी चनियाचोळी घालून जमू लागली होती.

माझ्या तोंडाने. आजपर्यंतच्या तीन चुका आक्काच्या होत्या. ही चौथी माझी. सोमवारच्या चित्रात आता डॉक्टर गोळी कोण देतं म्हणून विचारत होता तेव्हा आक्का म्हणत होती, मी उषाले इचारं व्हतं. आणि भाईदास वळून बघत होता... पण खुर्चीत भाईदास नव्हताच, एक माणूस होता, ओठाचा कोपरा ओघळलेला. काय करत होते मी? कुणावर सूड? उषाबाई उठली. ती घटासमोर बसली तेव्हा तिने अजून काही ठरवलेलं नव्हतं. नुसती समईची वात पुढे करायला बसली असं कुणालाही वाटलं असतं. हात जोडले. मग त्याच हाताने पानावरची सहावी अर्धी गोळी उचलली, पदराच्या टोकात धरली आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आली.

वाटीच्या बुडाने ती सहज चुरली. दूध कोमट होतं. चमचा फिरवताना तिला श्रावण आठवला – हाच हात, अशीच पांढरी गोळी, चार दिवस, आणि लाल थुंकी. जर मीच चुकत असले तर? जर अर्धीच रोज असेल, दाराशी उभी राहून मीच नीट ऐकलं नसेल? डॉक्टरची चिठ्ठी गुजरातीत, वाचणारा मुलगा योगेंद्र, तो कडोद्याला खोली घेऊन राहतो, रविवारीच येणार. नाही, आखी म्हणाला होता. सोमवारे ने गुरुवारे अडधी, बाकी आखी. मी ऐकलं. मी!

"दूध ल्या," ती म्हणाली. भाईदासने बाहेर बघत बघतच पिऊन टाकलं. तिने वाटी हातातून काढून घेतली आणि आपल्या हाताने विसळली, दोनदा.

आक्का परत आली ती प्रसादाची वाटी घेऊन, आणि घटासमोर बसल्यावर तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. "उषा! भाऊ! आठे या!" तिने बोटाने मोजलं, पुन्हा मोजलं. "सहा व्हत्या. मी मना हातखाल ठेवी. पाचच शेतस!" उंदीर, उषाबाई म्हणणार होती. मुंग्या. पण आक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, सुकलेल्या तोंडावर हसू पसरलं होतं, आणि ती भुई धरून वाकत होती. "उचली लिधी माय! मना भाऊनं दुखनं उचली लिधं तुनी!" पार्वती धावत आली, मागून आणखी दोघी. भाईदास भिंत धरत आला, खाली वाकला आणि आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं.

उषाबाई दाराशी उभी होती. पुन्हा दाराशी. तिला हसू फुटत होतं आणि रडूही. घ्या! आता देवीसुद्धा आक्काचीच झाली. मी बोलू तर काय बोलू – देवीने नाही, मी उचलली? देवीपुढची उचलली आणि त्याला न सांगता पाजली? ज्या बाईने श्रावणात... डबी राहू द्या, ही माणसं मला चुलीपाशीसुद्धा बसू द्यायची नाहीत. आणि नाही बोलले तर उद्या आक्का पुन्हा अर्धीच देणार, आणखी भक्तीने देणार. मग उद्या बुधवारी मी पुन्हा दुधातून, परवाचा गुरुवार सोडून द्यायचा, मग शुक्रवार, मग दसरा... सोमवारी आकडा बरोबर येईल. डॉक्टर म्हणेल, सरस! आणि पारोळ्याची मंगलाबाई जन्मभर या घरात राहील.

बाया गेल्यावर भाईदास पलंगावर टेकला. त्याने हाक मारली, "उषा." आक्का जवळच बसलेली असताना त्याने उषा म्हणून हाक मारली होती.

"आज दूध कडू कसं काय लागनं?"

घरभर देवीचा चमत्कार चालला होता आणि ह्या माणसाच्या जिभेला तेवढंच कळलं होतं, जे तिने दिलं होतं. तिने पुढे होऊन, आक्कासमोर, त्याच्या मनगटावर हात ठेवला – ताप आहे का बघायला ठेवावा तसा. आणि बोटांखाली ते लागलं. घाईत चार. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की तिचा श्वास थांबला... आणि मग दोन. तर असं असतं हे! ह्यात कुठेतरी आता आक्काची अर्धी आणि माझी अर्धी मिसळून वाहत असेल. अर्धी माझी. कुणाला ठाऊक नाही, त्यालाही नाही. सकाळपासून पोटात जे पेटलं होतं ते विझलेलं नव्हतं, पण त्याची धग आता निराळी लागत होती, थंडीच्या दिवसांत चुलीपाशी बसल्यासारखी. आणि तिला आतल्या आत भीती वाटली ती ह्याचीच, की हे आपल्याला आवडतंय. सांगून टाकावं. आत्ता, बोटं उचलायच्या आत. आक्का इथेच आहे, तो जागा आहे, दोन वाक्यांचं काम आहे.

"साखर कमी पडनी व्हई," ती म्हणाली.

तिने मनगट सोडलं नाही. उद्या साखर थोडी जास्त घालायला हवी, एवढंच तिच्या मनात आलं.